खोली दोनसाठी मऊ भात

शामरावांनी आपल्या लुंबिनीला पहिलीत घातले, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माझा जन्म झाला. साल सत्त्याण्णव. दिल्लीत शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून महिना नक्की सांगता येतो. शाळेच्या अर्जावर शामरावांनी सकाळी अंगठा उठवला आणि अंगठ्याची निळी शाई न पुसताच ते मला घ्यायला चावडी बाजारात आले. मित्रांनो, मी एक रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ, खाली लालसर रबर, आणि रबरावर एकच शब्द: गोपनीय.

मला कोरणारा दुकानदार बोलका होता. "भाईसाहब, साथ में 'अर्जंट' भी ले जाइए. दफ्तरों में वही ज़्यादा चलता है."

"नहीं जी," शामराव म्हणाले, "ताई ने एकही बोला है."

या ताई म्हणजे कल्पनाताई. मयूर विहारमध्ये दिल्लीच्या मराठी मंडळींनी एक छोटे रुग्णनिवास चालवले होते. आठ खोल्या, एक जेवणाचा हॉल, आणि हॉलला लागून कार्यालय. विदर्भ-मराठवाड्यातून मोठ्या इस्पितळात उपचारांसाठी येणारी माणसे तिथे उतरत. कल्पनाताई मूळच्या पुण्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. कार्यालय त्या सांभाळत. शामराव मेश्राम भंडाऱ्याकडचे. ते शिपाईही होते आणि पहारेकरीही. मागच्या खोलीत बायको आणि लुंबिनीसह राहत.

माझे काम साधे होते. रुग्णाचे कागद जाड पाकिटात घालायचे, डिंकाने चिकटवायचे आणि पाकिटाच्या जोडावर मला उठवायचे. अर्धा शब्द झाकणावर, अर्धा खाली. कुणी पाकीट उघडले तर शब्द तुटणार. मग शामराव ते पाकीट छातीशी धरून बसने इस्पितळात नेत. त्यांना वाचता येत नव्हते. पण ही लाल आकृती दिसली की पाकीट डॉक्टरांखेरीज कुणाच्या हाती द्यायचे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. बसमध्ये एकदा कुणी विचारले, "क्या है इसमें, ताऊ?" शामराव म्हणाले, "पता नहीं जी. पता करना भी नहीं."

एका दुपारी ते मला डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघत बसले. कल्पनाताईंनी पाहिले.

"शामराव, तो उलटा आहे. त्याला कागदावर उठवा, मग वाचा."

अशी त्यांची शाळा सुरू झाली. पहिले अक्षर ग. मग काना-मात्रा लावून गो. लुंबिनी शेजारी बसून आपले पुस्तक वाचायची आणि म्हणायची, "बाबा, तुमचं पुस्तक केवढुसं! एकच शब्द!" सदतीस वर्षांच्या माणसाने आयुष्यात पहिला शब्द वाचला तो माझा. खरे सांगायचे तर मलाही तोवर माझा शब्द वाचता येत नव्हता. आम्ही दोघे एकदमच शिकलो.

ते दिवस मानाचे होते. मंडळाच्या बैठकीत अध्यक्षांनी मला हातात घेऊन म्हटले होते, "हा आपल्या घराचा दरवाजा आहे." शामराव महिन्यातून एकदा माझ्या मुठीला खोबरेल तेल लावत.

आमच्याकडे एक पद्धत होती. रुग्णांना डबा सभासदांच्या घरून यायचा, पाळीपाळीने. कल्पनाताई फोनवर एवढेच सांगायच्या, "खोली चार. दोन माणसं. तिखट नको." पलीकडून विचारणा व्हायचीच. कोण आहेत हो? कुठले? काय झालंय? त्यावर ताईंचे ठरलेले उत्तर होते, "भूक लागलीय त्यांना."

पुढे कल्पनाताई पुण्याला परत गेल्या. कार्यालयात संगणक आला. गुडगावच्या एका कंपनीत काम करणारे अंशुमन नावाचे सभासद दर शनिवारी येऊन त्याची व्यवस्था बघू लागले. त्यांनी 'सर्व सभासद' नावाचा एक पत्ता तयार केला. त्या एका पत्त्यावर मेल टाकले की ते तीनशे बारा घरी जायचे. पाकिटे थांबली, आणि मी खणात गेलो.

मित्रांनो, खण म्हणजे काय ते तुम्हाला कसे सांगू? अंधार असतो, आणि वर कुणीतरी बटणे बडवत असते. माझ्या शेजारी माझा शाईचा पॅड होता. तो आधी कोरडा पडला, मग त्याला भेगा गेल्या. खणाच्या फटीतून मी घरातल्या बातम्या ऐकायचो. लुंबिनी दहावीत असताना तिची आई गेली. लुंबिनीचे लग्न होऊन ती नागपूरला गेली. मागच्या खोलीत शामराव एकटे उरले. कधीतरी ते खण उघडत, माझी मूठ तेलाच्या बोटाने पुसत, परत ठेवत. त्यांना साठ वर्षे झाली तेव्हा केकही कापला गेला म्हणे. मला फक्त टाळ्या ऐकू आल्या.

करोनाच्या साथीनंतर कार्यालयातले कारकून नोकरी सोडून गेले. नवीन माणूस मिळेपर्यंत मेल पाहायचे काम शामरावांकडे आले. अंशुमन त्यांना शिकवू लागले. शामराव एका बोटाने टाइप करत आणि प्रत्येक बटण ठोशासारखे दाबत.

"काका, खिळा ठोकताय का? हळू दाबलं तरी उमटतं ते."

"हळू दाबलं तर त्याला कळतं का, पण?"

त्यांनी मला खणातून बाहेर काढले. नवा पॅड आणला. इस्पितळाकडून मेल आले की त्याची छापील प्रत काढायची, तिच्यावर मला उठवायचे आणि फाईलला लावायचे, असा नेम त्यांनी स्वतःच सुरू केला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी अंगाला शाई लागली होती.

बावीस सालच्या नोव्हेंबरात हिंगोलीकडचा धम्मपाल आला. सव्वीस वर्षांचा, गावच्या शाळेत मास्तर. सोबत आई, लीलाबाई. त्याचा जुना आजार उलटला होता. कोणता, ते मी सांगणार नाही. आई जेवायला बसली असताना तो कार्यालयात आला आणि त्याने दार ओढून घेतले.

"जय भीम, काका. एक काम होतं."

"जय भीम. बस की."

"माझा रिपोर्ट मेलवर तुमच्याकडं येणार. आईला वाटतंय, नेहमीची तपासणी आहे. तिला मीच सांगणार आहे. रविवारी. तिच्या आवडीचं काही जेवू घालीन आणि मग सांगीन. तोवर..."

शामरावांनी मला उचलून त्याच्यासमोर धरले. "हा बसणार तुझ्या कागदावर. पंचवीस वर्षं झाली, याच्या आतलं कुणी बघितलेलं नाही. जा, निर्धास्त राहा."

धम्मपाल हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

बुधवारी मेल आले. वर धम्मपालचे नाव, गाव, वय. खाली रिपोर्ट. अगदी शेवटी पथ्य: तेल किती, मीठ किती, काय उकडायचे, काय वर्ज्य. शामरावांना डब्याचा निरोप पाठवायचा होता. एवढे पथ्य एका बोटाने टाइप करायचे म्हणजे दुपार जाणार, आणि मिठाच्या आकड्यात चूक झाली तर? त्यांनी विचार केला आणि मेलाची प्रत काढली. मला पॅडवर दाबून कागदाच्या माथ्यावर नीट, सरळ उठवले. फुंकर घालून शाई वाळवली. मग तो कागद स्कॅन करून मेलला जोडला आणि वर लिहिले, "खोली चारसाठी डबा. पथ्य कागदाच्या शेवटी आहे." पत्ता निवडला: सर्व सभासद.

त्यांचा हिशेब सरळ होता. कागदावर शिक्का आहे. ज्याला पथ्य पाहायचे तो शेवट पाहील, बाकीच्याकडे कुणी नजर टाकणार नाही. पंचवीस वर्षे शिक्क्याचा कागद कुणाच्याही टेबलावर राहिला, तरी त्याला कुणी हात लावला नव्हता.

मला ओरडावेसे वाटले. पण शिक्क्याला आवाज नसतो. तेव्हा माझ्या ध्यानात आले, मित्रांनो, की इतकी वर्षे ते गुपित मी राखलेच नव्हते. ते राखत होते जाड पाकीट, डिंक, आणि पाकीट छातीशी धरणारा माणूस. मी त्यांच्यावर बसून मान खात होतो. पडद्यावर मी नुसता लाल रंग होतो.

शामरावांनी बटण दाबले. या वेळी अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन मीनाक्षीताई आल्या. शेजारच्याच सोसायटीतल्या, जीव लावणाऱ्या बाई. डबा पाठवून थांबायच्या नाहीत, स्वतः वाढायच्या. धम्मपाल इस्पितळात गेला होता. हॉलमध्ये लीलाबाई एकट्याच ताटावर बसल्या होत्या. कार्यालयाचे दार उघडे होते आणि मी टेबलावर होतो.

"घ्या हो, संकोच करू नका. कागदात लिहिलीय तश्शीच उकडून केलीय भाजी. फार वाईट वाटलं बघा वाचून. परत उलटलं ना ते? पण धीर सोडू नका. हल्ली औषधं निघालीत."

"काय उलटलं?" लीलाबाईंनी विचारले.

मीनाक्षीताईंच्या हातातला डाव थांबला. पलीकडे शामराव खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

धम्मपाल पाच वाजता आला. आई ताटावरच बसून होती. ताट तसेच होते.

"माझ्या तोंडात घास होता रं," ती म्हणाली. "माझ्या लेकाचं मला परक्या बाईनं सांगितलं."

तो कार्यालयात आला. शामराव उभे राहिले. मला वाटले, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरे झाले असते.

"काका, रविवार माझा होता," एवढेच तो म्हणाला. मग त्याने मला उचलले, उलटे करून माझे रबर पाहिले आणि परत ठेवले. "हा नुसता रंग आहे."

सकाळी मायलेक मुनिरकाला एका मित्राच्या खोलीवर निघून गेले.

शामरावांनी अंशुमनला फोन लावला. "ते मेल परत आणता येतं का?"

"नाही, काका. गेलं ते गेलं."

"मी एकदा चुकीच्या घरी पाकीट दिलं होतं. तासाभरात जाऊन परत आणलं."

"ते एक होतं, काका. हे तीनशे बारा आहेत. त्यातून कुणी पुढं कुणाला पाठवलं असेल तर ते देवालाही सापडायचं नाही."

"तीनशे बारा तर तीनशे बारा," शामराव म्हणाले.

आणि ते खरेच निघाले. सभासदांची यादी एका खिशात, मी दुसऱ्या खिशात. मेट्रोने द्वारका, नोएडा, रोहिणी, गुडगाव. घंटी वाजवायची, नमस्कार करायचा आणि म्हणायचे, "बुधवारचं डब्याचं मेल माझ्यासमोर पुसून टाका." अंशुमनने बजावले होते की पुसलेले मेल फोनच्या कचऱ्यातही पडून राहते, म्हणून ते कचराही रिकामा करायला लावत.

नोएडाचे एक गृहस्थ म्हणाले, "अरे काका, एवढ्यासाठी आलात? यार, तुम्ही पण कमाल करता!" त्यांनी पुसले आणि चहा पाजला. द्वारकेतल्या बाई म्हणाल्या, "मी ते उघडलंच नव्हतं. थांबा, आहे तरी काय बघू." शामरावांनी त्यांच्या फोनवर तळहातच ठेवला. "उघडू नका हो, बाई. तसंच पुसा. पाया पडतो." बाईंचा चेहरा उतरला. खिशात मी शामरावांच्या बरगडीला टेकलेला होतो. त्यांचे काळीज कसे धडधडत होते ते मला माहीत आहे.

चोवीस दिवसांत सत्त्याऐंशी घरे झाली. मग गुडघ्यांनी साथ सोडली. उरलेल्यांना त्यांनी फोन केले. काहींनी उचलले.

शेवटचे घर त्यांनी मुनिरकातले ठेवले होते. अरुंद जिना, चौथा मजला. दार लीलाबाईंनी उघडले. धम्मपाल इस्पितळात होता.

"ताई, सत्त्याऐंशी घरी पुसून आलो," शामराव दम खात म्हणाले.

लीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. "माझ्यातनं पुसता येतंय का?"

मग त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "पाणी प्या." शामराव पाणी प्यायले आणि जिना उतरले.

पुढच्या शनिवारी त्यांनी अंशुमनला समोर बसवून सगळे विचारून घेतले. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा घेतला आणि आपल्या ठसठशीत अक्षरात लिहून संगणकाशेजारी टांगला. "नाव लिहू नये. खोलीचा आकडा लिहावा. आजार लिहू नये. पथ्य लिहावे, वेळ लागला तरी. आलेले मेल पुढे ढकलू नये, त्याच्या पोटात काय काय असते. कोऱ्या मेलात नव्याने लिहावे. पाठवण्याआधी कुणाकुणाला जाते ते बोट ठेवून वाचावे. कागद पाठवणे भागच असेल तर एकाच माणसाला, कुलूप लावून पाठवावा, आणि कुलुपाचा शब्द फोनवर सांगावा. शिक्का मारला म्हणजे झाकले असे नाही."

शेवटची ओळ लिहून झाल्यावर त्यांनी मला खणात ठेवले. रागाने नाही. मुठीला तेल लावून ठेवले.

पुढच्या वर्षी उन्नती नावाची मुलगी कार्यालयात लागली. ती मुनिरकात खोली घेऊन राहायची आणि मेट्रोने यायची. कामाला चलाख, जिभेला तिखट. एकदा स्टेपलर शोधताना तिने मला वर काढले. "काका, हे किती क्यूट आहे! चालतं का अजून?"

"चालतं. म्हणूनच आत आहे. राहू दे त्याला."

तेवीसच्या डिसेंबरात इस्पितळाकडून एक मेल आले. उन्नतीने ते वाचले आणि खुर्ची मागे सरकवली.

"काका, हे तुमचं आहे."

"माहितेय. डॉक्टरांनी सांगितलंय मला."

"मी सगळ्यांना कळवते. मीनाक्षीताई तर रोज येतील. किती लोक येतील, काका, तुम्हाला कल्पना नाही."

"पुठ्ठा वाच."

"पण तुमच्या बाबतीत कशाला? तुम्ही तर घरचे..."

"वाच, पोरी."

तिने वाचला. मोठ्याने. मग नाक पुसून म्हणाली, "आणि लुंबिनीताईंना?"

"तिला मी सांगीन."

उन्नतीने मेल लिहिले. "खोली दोनसाठी डबा. एक माणूस. मऊ भात, मीठ कमी."

शामराव मागची खोली सोडून वर खोली दोनमध्ये गेले. जाताना त्यांनी मला बरोबर घेतले आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवले. सोबतीला, असे ते म्हणाले. मी सव्वीस वर्षांचा झालो होतो आणि खिडकी प्रथमच पाहत होतो.

रोज कुठल्यातरी घरून मऊ भात यायचा. ज्यांना शामरावांनी इतकी वर्षे चहा दिला, ज्यांच्या मुलांना रिक्षात बसवून दिले, त्यांच्याच घरचा भात. त्यांना ठाऊक नव्हते. शामराव कुठे आहेत असे कुणी विचारले तर उन्नती सांगायची, रजेवर आहेत. खोली दोनमध्ये कोण आहे असे विचारले तर म्हणायची, "भूक लागलेला माणूस." हे उत्तर शामरावांनीच तिला दिले होते. खाली ओळखीचे आवाज यायचे. मीनाक्षीताईंचा आवाज तर तीन मजले चढायचा. शामराव पडल्या पडल्या ऐकायचे आणि तो आवाज फाटकाबाहेर जाईपर्यंत डोळे मिटून घ्यायचे. मग दुपार सुरू व्हायची. हिवाळ्यातली दिल्लीची दुपार, धुक्याने मळलेली. ती आम्ही दोघे काढायचो.

जानेवारीत लुंबिनी आली. वडिलांनी सहज बोलावलेय, एवढेच तिला ठाऊक होते. त्या दिवशीचे मेल वेगळे होते: "खोली दोनसाठी डबा. दोन माणसे. काहीतरी गोडही." शामरावांनी उठून स्वतः तिला वाढले.

"बाबा, शिरा मस्त झालाय. कुणी केलाय?"

"माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही कुणासाठी केलाय ते."

"हे काय कोडं?"

"जेव आधी."

तिचे जेवून झाले, तिने हात धुतले, तेव्हा त्यांनी तिला जवळ बसवून सांगितले. काय सांगितले ते माझ्यासमोर झाले. ते तिथेच राहील.

फेब्रुवारीत एक दिवस दारावर टकटक झाली. डबा बहुधा उन्नती वर आणायची. आज दारात लीलाबाई होत्या. धम्मपालची तब्येत सुधारली होती, तो परत शाळेत जाऊ लागला होता. तपासणीसाठी दिल्लीत आले की एक डबा आमचा, असे लीलाबाईंनी उन्नतीकडे नाव घातले होते, हे मला नंतर कळले. डबा द्यायला त्या सरळ जिना चढून आल्या होत्या.

त्यांनी शामरावांना पाहिले. शामरावांनी त्यांना पाहिले. मग लीलाबाईंची नजर कठड्यावर माझ्याकडे गेली.

त्यांनी डबा उघडून उशाशी ठेवला. "मऊ झालाय भात. गरम आहे तोवर खा."

शामरावांनी हात जोडले. लीलाबाईंनी ते हात धरून खाली केले आणि चमचा हातात दिला. दोन घास खाईपर्यंत उभ्या राहिल्या आणि गेल्या.

खाली फाटकाशी धम्मपाल थांबला होता. त्याचा आवाज खिडकीतून वर आला. "कोण होतं गं, आई, खोली दोनमध्ये?"

"होतं एक माणूस," लीलाबाई म्हणाल्या. "भूक लागली होती त्याला."

शामरावांनी खिडकीकडे तोंड वळवले. त्या दिवशी त्यांनी सगळा भात संपवला.

मित्रांनो, मी आता पुन्हा खणात आहे. तुम्ही मोठे व्हाल, कचेऱ्यांत बसाल, दिवसाला शंभर मेल पाठवाल. कुणाचे तरी दुखणे, कुणाचे तरी नाव तुमच्या बोटाखाली येईल. वर गोपनीय असे लिहिले म्हणून हायसे वाटून घेऊ नका. मी तो शब्द जन्मभर अंगावर वागवला आहे, म्हणून सांगतो. बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा आणि विचारा: हे सांगायचा रविवार कुणाचा आहे?

खोली दोनमधल्या माणसाला कोणता आजार होता, हे मला ठाऊक आहे. उन्नतीने त्याचा कागद पाकिटात घातला, डिंकाने चिकटवला आणि जोडावर मला उठवले. ते माझे शेवटचे काम.

शामराव लक्ष्मण मेश्राम बुधवारी, एकवीस फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी, सकाळी दहाच्या सुमारास खोली दोनमध्ये वारले. लुंबिनी जवळ होती.